दुपारच्या जेवणाचं देणं

'लोकसहभाग' हा सरकारी मराठीतला फार उपयोगी शब्द आहे. जे काम करायला पैसे नाहीत, पण 'करणार नाही' असंही म्हणायचं नाही, तिथे तो हमखास येऊन बसतो. शाळेची भिंत रंगवायची असो की गावातला नाला खोल करायचा असो. जानेवारी २०२५मध्ये तो शाळकरी मुलांच्या ताटात येऊन बसला. नोव्हेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं होतं. जी मुलं अंडी खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं एखादं फळ. सव्वा वर्षात नवा शासन निर्णय निघाला, की अंड्यांसाठी आणि गोड पदार्थांना लागणाऱ्या साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही. ज्या शाळांना अंडा पुलाव, खीर, नाचणी सत्त्व द्यायचं असेल, त्यांच्या व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसे उभे करावेत.

म्हणजे अंड्यावर बंदी वगैरे काही आली नाही. अंडं चांगलंच असतं, मुलांना ते मिळालं तर सरकारला आनंदच आहे. फक्त ते देणं कोणाचं, एवढा प्रश्न उघडा ठेवला.

'देणं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण मराठीत तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी चालतो. आपण खुशीने देतो तेही देणं, आणि वाण्याचं, बँकेचं थकलेलं असतं तेही देणं. पहिलं दिलं नाही तर कोणी काही म्हणत नाही. दुसरं दिलं नाही तर माणूस दारात येऊन उभा राहतो. शाळेतल्या मुलाचं दुपारचं जेवण यातलं कुठलं? आणि दुसरं असेल, तर ते कोणाच्या खात्यावर लिहायचं?

पालकांच्या, हे पहिलं उत्तर. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीची मुलगी पुण्यातल्या एका खासगी शाळेत पहिलीत आहे. शाळेने जूनमध्येच डब्याचा तक्ता पाठवला. सोमवारी पोळी आणि हिरवी भाजी, मंगळवारी मोड आलेलं कडधान्य, बुधवारी इडली किंवा डोसा, असं शुक्रवारपर्यंत. मैदा नको, चिप्स नकोत, सॉस नको. आठवड्यातून एकदा पालक हवा (भाजी की आई-बाप, याचा खुलासा नव्हता). एकदा तिने घाईत जॅम-ब्रेड दिला, तर वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर 'काही पालक अजूनही' अशा शब्दांनी सुरू होणारा मेसेज आला. तो तिने मला सकाळच्या मीटिंगआधी दाखवला. तिचा नवराही त्या ग्रुपवर आहे, त्यानेही मेसेज वाचला होता. पण तो आपल्यालाही उद्देशून आहे हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. 'पालकांची जबाबदारी' हे शब्द कागदावर असतात तोवर दोघांचे असतात, ओट्यापाशी आले की एकीचे होतात.

शाळेची भूमिका तशी सरळ आहे: काय खायचं ते आम्ही ठरवू, रांधायचं तुम्ही. मूल सकाळी साडेसातला बसमध्ये चढतं आणि तीनच्या पुढे घरी येतं. या वेळात त्याचं बसणं, बोलणं, खेळणं, अगदी स्वच्छतागृहात कधी जायचं हेही शाळेच्या हातात. फीमध्ये रोबोटिक्स आहे. जेवण नाही.

त्याच पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा असते, तिथे सगळं उलट. जेवण शाळेचं. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशोब. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात हे हक्क म्हणून लिहिलेलं आहे.

एकाच वयाच्या दोन मुली. एकीचं जेवण आईच्या खात्यावर, दुसरीचं शासनाच्या. असं का, याचं उत्तर आपल्यापैकी बहुतेकांकडे तयार असतं: दुसरीच्या आईला परवडत नाही. म्हणजे जबाबदारी मुळात आईचीच, पण ती जमत नाही म्हणून सरकार मदतीला आलं. या उत्तरात दयाळूपणा आहे हे खरं, पण त्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागते. मदत कधीही कमी करता येते. मदत घेणाऱ्याने चवीबद्दल तक्रार करायची नसते. खिचडीत अळी सापडली तरी 'फुकट मिळतंय ना' हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. आणि अंडं थांबवलं, तर काही काढून घेतलं असं वाटतच नाही. जास्तीचं काही देत होतो, ते थांबवलं, एवढंच वाटतं.

हा वाद आपल्याकडेच सुरू झाला असंही नाही. बोअर युद्धाच्या वेळी ब्रिटनमध्ये सैन्यात भरती व्हायला आलेले कितीतरी तरुण इतके किडकिडीत निघाले, की सरकार हादरलं. १९०४मध्ये एका समितीचा अहवाल आला आणि १९०६मध्ये शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारा कायदा झाला. ब्रॅडफर्डमध्ये मार्गारेट मॅकमिलन आणि तिचे सहकारी त्याआधीपासून या मागणीसाठी झगडत होते. विरोधात दानधर्माचं काम करणारीच मंडळी होती, 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी'. शाळा पोरांना जेवू घालायला लागली तर आई-बापांची जबाबदारीची जाणीव मरून जाईल, असा त्यांचा मुद्दा. कायद्यातही त्याची छाया राहिलीच. ज्या पालकांना परवडतं त्यांच्याकडून पैसे वसूल करायचे असं ठरलं.

हा मुद्दा आजही निरनिराळ्या शब्दांत भेटतो. मला त्यातलं एक गणित कधी पटलेलं नाही. समजा, एखादा बाप खरंच बेजबाबदार आहे. मग शाळेने जेवण न देऊन शिक्षा कोणाला झाली? बापाला धडा शिकवायचा आणि फी पोराच्या पोटातून भरायची, असा हा व्यवहार आहे.

आमच्या धंद्यात दोष आणि जबाबदारी वेगळ्या ठेवायला फार लवकर शिकवतात. रात्री दोन वाजता सिस्टीम बंद पडली, तर ज्याची पाळी असेल त्याने उठून ती चालू करायची. चूक कोणाच्या कोडमध्ये होती हे दुसऱ्या दिवशी, चहा घेऊन, शांतपणे बघायचं. चूक माझी नाही म्हणून मी झोपतो, असं म्हणता येत नाही. भुकेचंही तसंच आहे. ती साडेबाराला लागते आणि साडेबाराला मूल जिथे असतं तिथेच ती भागवावी लागते. घरच्या गरिबीला कोण जबाबदार, बापाच्या व्यसनाला कोण, पडलेल्या कांद्याच्या भावाला कोण, या चौकशा रास्त आहेत, पण त्या साडेबाराच्या आत संपत नाहीत.

अर्थात, जवळ आहे म्हणून शाळेने करावं, एवढ्याने देणं सिद्ध होत नाही. जवळ तर शेजारीही असतो. त्यासाठी जरा वेगळीकडे बघू.

तुरुंगातल्या माणसाला सरकार दोन्ही वेळा जेवू घालतं. त्यामुळे त्याच्या बायकोची जबाबदारीची जाणीव बोथट होते, असा अग्रलेख मी अजून वाचलेला नाही. आपण 'सरकारी पाहुणचार' म्हणून विनोद करतो, पण कैद्याला उपाशी ठेवावं किंवा त्याच्या जेवणासाठी लोकसहभाग गोळा करावा, असं कोणी म्हणत नाही. कारण त्याला तिथे आपण ठेवलंय. बाहेर जाऊन स्वतःची भाकरी मिळवायची त्याची वाट आपण बंद केली, तेव्हा भाकरी आपल्याकडे लागली. कैदी श्रीमंत आहे की गरीब, हा प्रश्न इथे येतच नाही.

शाळेची तुलना तुरुंगाशी केली म्हणून शिक्षकांनी रागावू नये. माझी आईही शिक्षिका होती. पण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांनी शाळेत असलं पाहिजे असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि ते योग्यच ठरवलं. नाहीतर ते मूल दुपारी घरी असतं, चुलीजवळ, आजीजवळ. किंवा रानात बोरं-चिंचा खात असतं. किंवा, हे जास्त खरं, कुठेतरी राबून दोन पैसे आणत असतं. तो वेळ आपण त्याच्याकडून घेतला. त्या वेळात लागणारं जेवण हे माझ्या मते त्याचं आपल्याकडे असलेलं येणं आहे. आई-बाप गरीब असोत किंवा नसोत. हे मान्य केलं, तर पुण्यातल्या त्या खासगी शाळेकडेही देणं लागतं. साडेसात तास मूल ताब्यात ठेवून, वर डब्याचा तक्ता पाठवणारी संस्था त्याच्या जेवणाबद्दल हात झटकू शकत नाही.

पैसे कोणी द्यायचे, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि त्याची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. फिनलंडमध्ये १९४८पासून प्रत्येक मुलाला शाळेत फुकट जेवण आहे. जपानमध्ये १९५४च्या कायद्याने अशी वाटणी केली, की स्वयंपाकघर आणि माणसं यांचा खर्च सरकारी आणि जिन्नसांचा पालकांनी द्यायचा. पण तिथेही मुलं वर्गातच जेवतात, पांढरे डगले घालून पाळीपाळीने एकमेकांना वाढतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर तेच जेवतात. पैसा पालकांचा असला तरी जेवण शाळेचं असतं.

आपल्याकडे ही जाणीव जरा आडवळणाने आली. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा पटसंख्या आणि हजेरी वाढवणं हा तिचा मोठा हेतू होता. बहुतेक राज्यांनी शिजवायच्या भानगडीत न पडता महिन्याला तीन किलो धान्य द्यायला सुरुवात केली, तेही ८० टक्के हजेरी असेल तर. म्हणजे गळाला लावलेलं आमिष, आणि तेही घरी नेऊन सगळ्या घराने खायचं. तमिळनाडूने त्याच्या कितीतरी आधी, कामराज यांच्या काळात आणि मग १९८२मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या काळात, शिजवून वाढायची व्यवस्था उभी केली होती. टीका तेव्हाही झालीच. बाकी देशाला त्या वाटेवर आणलं ते सर्वोच्च न्यायालयाने. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर २८ नोव्हेंबर २००१ला आदेश झाला: प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत, वर्षाचे किमान २०० दिवस, शिजवलेलं जेवण. मी पहिलीत गेलो तेव्हा त्या आदेशाला दोनेक वर्षं झाली असतील. घरून स्टीलची ताटली न्यायची, पिवळी खिचडी, कधी मटकी असायची, बहुतेक वेळा नसायची. ती एका आदेशामुळे ताटात आलीय हे अर्थातच ठाऊक नव्हतं. तळाची करपलेली खिचडी कोणाला मिळणार यावरून भांडणं व्हायची, एवढं आठवतं. (करपलेली हवी असायची.)

आता अंड्याकडे. अंड्याला विरोध करणारे लोक जबाबदारीबद्दल बोलत नाहीत, अधिकाराबद्दल बोलतात: आमच्या मुलाने काय खावं ते आम्ही ठरवणार. हा अधिकार मला मान्य आहे. जेवण ही फक्त प्रथिनांची बेरीज नसते. मुलाला जे घरात निषिद्ध आहे ते शाळेने बळेच भरवू नये, म्हणून तर केळ्याची सोय होती. अडचण पुढे सुरू होते. २०१५मध्ये मध्य प्रदेशात अंगणवाडीत अंडी द्यायचा प्रस्ताव तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी धुडकावला. २०२१मध्ये कर्नाटकात कल्याण कर्नाटक भागातल्या जिल्ह्यांत अंडी सुरू झाली तेव्हा काही मठांनी विरोध केला. या मंडळींना स्वतःच्या मुलांच्या ताटात अंडं नको होतं असं नाही. ते तर कोणी घालतच नव्हतं. शेजारच्या ताटात नको होतं. शेजारच्या मुलालाही आई-बाप आहेत आणि त्यांनाही तोच अधिकार आहे, हे मात्र त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि घरचा डबा हा निरागस असतो असंही मानू नये. डिसेंबर २०२१मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात, सुखीढांगच्या सरकारी शाळेत, दलित बाईने रांधलेलं जेवण सवर्ण मुलांनी नाकारलं. मुलं घरून डबे आणायला लागली. बाईंना कामावरून काढलं. देशभर बोभाटा झाल्यावर परत घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्येच स्वयंपाकाच्या कामात दलितांना प्राधान्य द्या असं सांगितलं होतं. शाळेचं ताट आणि घरचा डबा यांत चवीपलीकडे काय फरक आहे, हे त्या डबे पाठवणाऱ्या पालकांना आपल्यापेक्षा नीट कळलं होतं.

हे सगळं तत्त्व शेवटी कोणाच्या हातात येतं? आदेश न्यायालयाचा, कायदा संसदेचा, खर्च केंद्राचा ६० आणि राज्याचा ४० टक्के. मे २०२५पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, वरच्या वर्गांना १० रुपये १७ पैसे. धान्य वेगळं मिळतं, पण डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण किंवा गॅस एवढ्यातच. किरकोळ बाजारात एक अंडं साधारण तेवढ्यालाच येतं. हे सगळं पातेल्यात घालून मुलांपुढे ठेवणारी बाई सरकारदरबारी 'स्वयंपाकी तथा मदतनीस' आहे, कर्मचारी नाही. तिला पगार नसतो, मानधन असतं. महाराष्ट्रात महिन्याला अडीच हजार, तेही वर्षाचे दहा महिने. केंद्राने धरलेला आकडा २००९पासून एक हजारच आहे. मान द्यायचा आणि धन नाही द्यायचं, असा काहीतरी तो शब्द झालाय.

आमच्याकडे प्रत्येक सेवेसमोर एक नाव लिहिलेलं असतं, ही बिघडली तर याला उठवा. तिथे पाच नावं लिहिली की फोन वाजत राहतो आणि पाचही जण समजतात की दुसऱ्याने उचलला. शालेय जेवणात नावं भरपूर आहेत. पण काही झालं की फोन नेहमी सगळ्यात खाली वाजतो. जुलै २०१३मध्ये बिहारमधल्या गंडामन गावात कीटकनाशक गेलेलं जेवण खाऊन २३ मुलं मेली. २०१६मध्ये मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्यानंतर शिक्षकाने आधी चव घेऊन बघायची, या नियमावर देशभर जोर दिला गेला. म्हणजे देणं शासनाचं आणि पहिला घास मास्तरांचा. ते तेल कुठे ठेवायचं, कोठीला कुलूप आहे का, याचा खर्च कोणाच्या खात्यात, हे प्रश्न त्यामानाने मागे पडले.

आता लोकसहभाग. त्याची टिंगल करणं सोपं आहे, पण महाराष्ट्रातलं बरंचसं शिक्षण त्याच्यावरच उभं राहिलं. साताऱ्याच्या वसतिगृहात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली, आणि धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ते वाचताना कोणाचाही ऊर भरून येईल. पण ती गोष्ट आपण नेहमी त्यागाची म्हणून सांगतो. पुढच्या महिन्यात मोडायला दागिना नसता तर, हा भाग सांगत नाही. आज कर्नाटकात सरकार देतं त्यापलीकडची अंडी अझीम प्रेमजी फाउंडेशन देतं. २०२४मध्ये तीन वर्षांसाठी सुमारे दीड हजार कोटींचा करार झाला, म्हणून तिथल्या मुलांना आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळू शकतं. हे उत्तमच आहे. मुलाच्या पोटात गेलेल्या अंड्याला ते कोणत्या अर्थाचं देणं होतं याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो चौथ्या वर्षी. करार संपला, तर ते मूल कोणाच्या दारात जाऊन उभं राहणार? फाउंडेशन त्याचं काही देणं लागत नव्हतं. आणि सरकारने ते आपलं देणं आहे असं कधी म्हटलेलंच नव्हतं.

आमच्याही कंपनीत वर्षातून एकदा 'तुमचा वाढदिवस शाळेतल्या मुलांसोबत' अशी मेल येते. मी पैसे देतो. पण मेलमध्ये हसऱ्या मुलांचा फोटो असतो आणि खाली 'तुमच्यामुळे' असं लिहिलेलं असतं, ते वाचायला नको वाटतं. माझ्यामुळे जेवण मिळत असेल, तर माझ्या कंटाळ्यामुळे, माझ्या नोकरकपातीमुळे ते बंदही पडू शकतं, आणि सात वर्षांच्या मुलाचं जेवण इतक्या तकलादू गोष्टीला बांधलेलं असू नये.

माझ्या या मांडणीत एक भोक आहे, ते मला बुजवता आलेलं नाही. मी सगळा भार ठेवला तो सक्तीवर: आपण मुलाला तिथे बसवलं म्हणून आपण देणं लागतो. कायद्याची सक्ती चौदाव्या वर्षी संपते आणि योजनाही आठवीला संपते, म्हणजे माझ्याच तर्काप्रमाणे हिशोब चुकता झाला. पण आपल्याकडे पाचवी ते दहावीच्या कितीतरी शाळा आहेत. मधल्या सुट्टीची घंटा सगळ्यांची एकच असते. आठवीपर्यंतची मुलं व्हरांड्यात ओळीने बसतात, खिचडीचा वास इमारतभर पसरतो. नववीतली मुलगी वर्गात डबा उघडते. आणला नसेल तर खाली नळावर जाऊन पाणी पिते. तिला तिथे कोणी बसवलेलं नाही. दहावी करायची म्हणून ती आपण होऊन आलेली आहे, बहुतेक घरी भांडून. तिचं कोणी काही देणं लागत नाही असं माझं गणित सांगतं, आणि मागच्या जूनमध्ये ती आठवीत होती.